ओसाड गांवाची साक्ष

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्यांनीं जमीन नांगरली, मेंढरें राखलीं, लेंकरें वाढविलीं आणि शेवटीं गांवच्या मातींतच देह ठेवला, त्या साध्या माणसांचीं नांवें बखरींत सांपडत नाहींत. त्यांनीं स्वतः कांहीं लिहून ठेवलें नाहीं. इतरांनीं त्यांच्याविषयीं जें लिहिलें तें बहुधा सारा वसूल करण्यापुरतेंच. मग त्यांचा इतिहास कळावा कसा? ह्या प्रश्नाचें एक उत्तर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतल्या एका ओस पडलेल्या खेड्यानें दिलें आहे. त्या खेड्याचें नांव वॉरम पर्सी. त्याची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु पुरावा म्हणजे काय व तो कसा वाचावा, हें शिकण्यासही ती फार उपयोगी आहे. म्हणून ती येथें थोडक्यांत देत आहों.

यॉर्कशायरच्या पूर्व भागांत वोल्ड्स नांवाची बुटक्या टेकड्यांची एक रांग आहे. ह्या टेकड्या खडूच्या पांढऱ्या दगडाच्या आहेत. माल्टन ह्या बाजाराच्या गांवापासून आग्नेयेस कांहीं मैल गेलें, म्हणजे ह्या टेकड्यांमधील एका खोल व निवांत खोऱ्यांत सेंट मार्टिनचें जुनें दगडी उपासनामंदिर दृष्टीस पडतें. त्याच्यावर छप्पर नाहीं. मनोऱ्याचा बराचसा भाग इ. स. १९५९ च्या डिसेंबरांत वादळानें कोसळला. उरलेला भाग तसाच उभा आहे. शेजारीं जुन्या घरांची एक लहानशी रांग व एक तळें आहे. त्यापलीकडे गांव म्हणून कांहींच नाहीं. एवढें मोठें मंदिर रानांत एकटें कां उभें असावें, असा प्रश्न पाहणाराच्या मनांत आपोआप येतो.

त्याचें उत्तर मंदिराच्या पश्चिमेस, खोऱ्याच्या वरच्या पठारावर, गवताखालीं पसरलेलें आहे. भर दुपारीं तेथें नुसतें कुरण दिसतें. परंतु सकाळीं किंवा संध्याकाळीं ऊन तिरपें पडलें, म्हणजे तेंच कुरण रेघा आंखलेल्या पाटीसारखें स्पष्ट दिसूं लागतें. लांबट चौकोनी उंचवटे दिसतात. ते घरांच्या भिंतींचे पाये होत. प्रत्येक घराभोंवतीं आवार व आवारामागें लांबच लांब परडें, आणि त्यांच्या हद्दीवर मातीचे बांध, अशी ती मांडणी आहे. घरें एकामागून एक ओळींत असून ओळींमधून खोलगट वाट जाते. शेंकडों वर्षे माणसें, गुरें व गाड्या जाऊन जाऊन ती वाट आपल्याकडील पाणंदीप्रमाणें जमिनींत रुतली आहे. गांवाबाहेर कोठें कोठें सरी-वरंब्यासारखे पट्टे दिसतात. तीं जुन्या नांगरटीचीं चिन्हें होत. ह्यावरून एवढें कळतें कीं, मंदिर गांवाबाहेर बांधलें नव्हतें. मंदिर होतें तेथेंच राहिलें. गांव मात्र त्याच्या भोंवतालचें नाहींसें झालें.

आश्चर्य हें कीं, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा खुणांकडे विद्वानांनीं फारसें लक्ष दिलें नव्हतें. इंग्लंडांत ओस पडलेलीं खेडीं क्वचितच सांपडतात, असा मोठमोठ्या इतिहासकारांचाही समज होता. मॉरिस बेरेस्फर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक इ. स. १९४८ मध्यें लीड्स विद्यापीठांत शिकवूं लागले. साऱ्याच्या जुन्या याद्यांत ज्या गांवांचीं नांवें आहेत, पण नकाशावर जीं नाहींत, अशा गांवांचा ते शोध करीत असत. ह्याच शोधांत ते वॉरम पर्सी येथें आले, आणि इ. स. १९५० मध्यें त्यांनीं तेथें लहानशी खणती सुरू केली. गवताखालच्या रेघा खरोखरीच घरांच्या आहेत कीं नाहींत, एवढेंच त्यांना प्रथम पाहावयाचें होतें. बेरेस्फर्ड हे कागदपत्रांचे जाणते. उत्खननाचें शास्त्र जाणणारे जॉन हर्स्ट हे लवकरच त्यांना येऊन मिळाले. कागद वाचणारा व माती वाचणारा अशी ही जोडी जमली, आणि उन्हाळ्यांत कांहीं आठवडे काम असा क्रम इ. स. १९९० पर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षे, चालला. इ. स. १९५२ मध्यें अशा ओस गांवांच्या संशोधनासाठीं एक मंडळही स्थापन झालें. आज इंग्लंडांतील अशा मध्ययुगीन गांवांची संख्या सुमारें ३००० धरतात. जें क्वचित् सांपडतें म्हणून म्हणत, तें सर्वत्र होतें. पाहणारी दृष्टी मात्र नव्हती.

कामाच्या पद्धतीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पूर्वी उत्खनन करणारे लोक भिंत शोधून तिच्या कडेनें चर खणीत जात. दगडी राजवाड्यास हें ठीक; परंतु गरिबाचें घर माती, लांकूड व खडूच्या ढेंकळांचें. तेथें चर खणणें म्हणजे पुस्तकाचीं पानें फाडून त्यांतलें एक अक्षर वाचण्यासारखें होय. म्हणून हर्स्ट ह्यांनीं डेन्मार्कांतील संशोधकांची रीत उचलली. घर व त्याचें आवार एकदम उघडें करावयाचें, वरचा थर सबंध काढावयाचा, प्रत्येक दगड व खापर कोठें सांपडलें त्याची नोंद करावयाची, आणि मगच खालच्या थरास हात घालावयाचा. हें काम अत्यंत सावकाश चालतें; पण त्यामुळें एकाच जागीं एकावर एक झालेल्या घरांची मालिका उजेडांत आली. एका शेतकऱ्याच्या घराखालीं तर बाराव्या शतकांतील जमीनदाराच्या वाड्याचें दगडी तळघर निघालें! वाडा मोडला, तळघर बुजलें आणि त्यावर कुळांचीं घरें उठलीं, ही गोष्ट जमिनीनेंच सांगितली.

घरांविषयींचा पुरावा मोठा बोधप्रद आहे. येथील पुष्कळ घरें लांबट असत. एका टोंकास माणसें व दुसऱ्या टोंकास गुरें राहत. भिंतींचे अवशेष इतके क्षीण व इतक्या वेळां बदललेले दिसले कीं, हीं घरें म्हणजे कशाबशा उभारलेल्या झोंपड्या असून प्रत्येक पिढीस त्या नव्यानें बांधाव्या लागत, असें अनुमान प्रथम काढण्यांत आलें. वर्षानुवर्षे तेंच सर्वमान्य होतें. पुढें स्टुअर्ट रॅथमेल ह्या संशोधकांनीं तोच पुरावा पुन्हा तपासून इ. स. १९८९ मध्यें निराळें मत मांडलें. त्यांचें म्हणणें असें कीं, छपराचा भार भिंतींवर नव्हताच. वांकड्या जाड लांकडांच्या जोड्या समोरासमोर उभ्या करून त्यांचीं टोंकें वर एकत्र जोडीत, आणि सगळें छप्पर त्या जोड्यांवर तोललेलें असे. भिंत ही केवळ वारापाऊस अडविणारा आडोसा. ती ढांसळली तर घर पडत नसे. तेवढीच भिंत पुन्हा बांधीत. म्हणजे ज्या खुणा दारिद्र्याच्या म्हणून वाचल्या गेल्या होत्या, त्या वस्तुतः नेटक्या डागडुजीच्या होत्या. घर टिकाऊ होतें व तें करणारा सुतार आपल्या कामांत तरबेज होता. पुरावा तोच, परंतु वाचन बदलतांच माणसांविषयींचें आपलें मतही बदललें.

घरांतून निघालेल्या वस्तु ह्याच मतास पुष्टि देतात. बाहेरगांवाहून आलेलीं भांडीं, लोखंडी हत्यारें, धार लावण्याचे दगड, समुद्रांतील माशांचीं हाडें असें पुष्कळ सामान तेथें सांपडलें. समुद्र तेथून बराच दूर आहे. तेव्हां हे शेतकरी आपल्या खोऱ्यांत कोंडलेले नव्हते. त्यांची बाजाराशीं देवघेव होती, हें उघड आहे.

आतां मंदिराकडे वळूं. ह्या मंदिराच्या भिंती म्हणजे गांवाच्या खानेसुमारीचें पुस्तकच आहे. आंतील जमीन खणून पाहिली तेव्हां दहाव्या शतकांतील लहानशा लांकडी मंदिराच्या खुणा निघाल्या. त्याच्यामागून दगडी मंदिर आलें. पुढें बाराव्या शतकांत तें मोठें करण्यांत आलें. लोकवस्ती वाढली तशी मुख्य दालनाच्या दोहों बाजूंस, कमानी काढून, ओसरीसारखीं जोडदालनें बांधावीं लागलीं. तो गांवाच्या भरभराटीचा काळ. पुढें उलट क्रम सुरू झाला. माणसें कमी झालीं, एवढी जागा लागेना. तेव्हां जोडदालनें पाडण्यांत आलीं व कमानी दगडांनीं बुजवून सपाट भिंत करण्यांत आली. त्या बुजविलेल्या कमानी आजही भिंतींत स्पष्ट दिसतात. गांव वाढत कसा गेला आणि आटत कसा गेला, ह्याचें असें स्पष्ट चित्र दुसऱ्या कोणत्याही कागदांत मिळणार नाहीं.

मंदिरांत व त्याच्या आवारांत पुरलेल्या जवळजवळ ७०० माणसांच्या अस्थींचा अभ्यास झाला आहे. मृतांच्या अस्थि हाताळावयाच्या म्हणजे आदर व गंभीरपणा हवाच. परंतु ज्यांच्याविषयीं कोणीं एक ओळही लिहिली नाहीं, त्यांची थोडीशी ओळख ह्याच मार्गानें होते. लहान मुलांच्या हाडांवरून असें कळतें कीं, त्या मुलांची उंची आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षां बरीच कमी असे. वाढ सावकाश होई, पण ती अधिक वर्षे चाले. त्यामुळें मोठेपणीं उंचींतलें अंतर थोडेंच राही. दुसरें असें कीं, माता आपल्या मुलांस सुमारें दीड वर्षांपर्यंत अंगावर पाजीत. हें हाडांतील नायट्रोजनच्या तपासणीवरून ठरलें. बालपण खडतर होतें. पण माउलीच्या दुधाचा आधार दीर्घकाळ होता.

एका कवटीची हकीकत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दहाव्या किंवा अकराव्या शतकांतील सुमारें चाळीस वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यावर बोथट हत्याराचा जबर तडाखा बसला होता. तेव्हां कोणा जाणत्यानें हाड खरवडून कवटीस भोंक पाडलें व मेंदूवरील दाब काढला. जखमेच्या कडा भरून आलेल्या आहेत; म्हणजे तो मनुष्य त्यानंतर बराच काळ जगला. अशी शस्त्रक्रिया खेड्यांतल्या गरिबासही मिळूं शके, हें ह्या एका कवटीनें सिद्ध केलें.

दुसरा पुरावा मनास अस्वस्थ करणारा आहे. मंदिराच्या आवारांत नव्हे, तर गांवाच्या वस्तींत, निदान दहा व्यक्तींचीं मिळून १३७ हाडें सांपडलीं होतीं. त्यांवर सुरीच्या व जळाल्याच्या खुणा आहेत. इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दाखविण्यांत आलें कीं, हे लोक परके नव्हते, त्याच मुलखांत वाढलेले होते. मेलेला मनुष्य उठून येऊन जिवंतांस त्रास देईल, ह्या भीतीनें गांवकऱ्यांनीं हीं प्रेतें तोडलीं व जाळलीं असावीं, असा तर्क अधिक संभवनीय ठरतो. ज्या गांवानें जखमी शेतकऱ्याचा जीव वांचविला, त्याच गांवांत हेंही घडलें. इतिहास खरा सांगावयाचा तर दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

मग हें गांव मेलें कशानें? इंग्लंडांतील ओस गांवाविषयीं कोणासही विचारलें, तर उत्तर तयार असतें, तें म्हणजे महामारी! इ. स. १३४८-४९ च्या भयंकर मरीनें त्या देशाची निदान एक-तृतीयांश प्रजा नेली, हें खरें आहे. वॉरम पर्सी येथेंही तिनें माणसें नेलीं असणारच. परंतु मरीनंतर जवळजवळ वीस वर्षांनीं, इ. स. १३६८ मध्यें, येथें सुमारें तीस घरें नांदतीं असल्याची नोंद आहे. इ. स. १४५८ मध्यें तीं सोळावर आलीं. म्हणजे मरीनंतर शंभर वर्षांनींही येथें चुली पेटत होत्या. मरीनें गांव मारलें, ही समजूत ह्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

खरें कारण अधिक संथ व अधिक मानवी होतें. मरीनें देशभर माणसें कमी झालीं, त्यामुळें मजुरी वाढली व चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या. डोंगरावरची हलकी जमीन सोडून कांहीं कुळें आपण होऊन दुसरीकडे गेलीं असलीं, तर त्यांत नवल नाहीं. इकडे धान्य स्वस्त व लोंकर किफायतीची झाली. नांगरटीस पुष्कळ हात लागतात. मेंढरांच्या मोठ्या कळपास एक मेंढपाळ व त्याचा कुत्रा पुरतो. जमीनदारांचा ओढा कोणीकडे गेला असेल हें सांगावयास नकोच. पंधराव्या शतकांत हें गांव हिल्टन ह्या सरदार घराण्याकडे होतें. शेतें मोडून कुरणें करण्याच्या प्रकारांची सरकारी चौकशी इ. स. १५१७ मध्यें झाली. तींत ह्या गांवाविषयीं नोंद आहे कीं, तेथील चार नांगर बंद करण्यांत आले व चार घरें मोडकळीस येऊं दिलीं. बस्स, एवढेंच! ह्या चार घरांतील माणसांचीं नांवें काय, तीं कोठें गेलीं, ह्याविषयीं त्या नोंदींत एक अक्षर नाहीं. इ. स. १५०० च्या सुमारास शेवटचीं कुळें निघालीं, आणि पांचशें वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या गांवावर मेंढरें चरूं लागलीं.

मरीवर दोष टाकला म्हणजे कोणीच जबाबदार राहत नाहीं; ती दैवी आपत्ति ठरते. परंतु शेवटचीं चार घरें दैवानें नव्हे, मनुष्यानें उठविलीं. हा फरक लहान नाहीं. गरिबाचें घर कोणीं मोडलें ह्याचा चुकीचा जबाब इतिहासांत नोंदला जाणें, हा त्या गरिबावर दुसऱ्यांदा होणारा अन्याय होय.

गांव गेल्यावरही मंदिर कां टिकलें, हेंही सांगणें जरूर आहे. त्याच्या हद्दींत आसपासचीं आणखी खेडीं होतीं. थिक्सेन्डेल ह्या खेड्यांतील मंडळी टेकडी ओलांडून कित्येक मैल चालून येथें उपासनेस येत, आणि आपले मृत येथेंच पुरीत. इ. स. १८७० मध्यें थिक्सेन्डेल येथें स्वतंत्र मंदिर झालें. तेव्हांपासून येथील वर्दळ ओसरली. इ. स. १९४९ मध्यें येथें शेवटची नियमित उपासना झाली. लगेच पुढच्याच वर्षीं बेरेस्फर्ड ह्यांची कुदळ पठारावर पडली. आज ही सर्व जागा इंग्लिश हेरिटेज ह्या संस्थेच्या देखरेखीखालीं असून ती सर्वांस पाहावयास खुली आहे.

आमच्या विद्यार्थीमित्रांनीं ह्यांतून काय घ्यावें? आपल्या भाषेंत अशा गांवास ‘बेचिराख’ म्हणतात, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें गांव. महसुलाच्या दप्तरांतही हाच शब्द आहे. पेरणीच्या जमिनीस आपण ‘काळी’ व वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतों. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींच्या राखेनें व भिंतींच्या मातीनें ती जागा पांढुरकी होते, आणि माणसें गेलीं तरी तिचा रंग जात नाहीं. आपल्याकडेही अशा पांढऱ्या जागोजाग आहेत. ‘दुर्गादेवीच्या दुष्काळांत गांव उठलें’ असें कोणी सांगतो. इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या दुष्काळाची स्मृति खरी असेल; परंतु ह्या एका गांवापुरतें तें कारण खरें आहे कीं नाहीं, हें वॉरम पर्सीप्रमाणेंच तपासून पाहिलें पाहिजे.

अशी जागा आढळल्यास तेथें खणूं नये. शास्त्र न जाणतां केलेली खणती म्हणजे पुराव्याचा नाश होय. परंतु पाहण्यास, मोजण्यास व लिहून ठेवण्यास कोणाची मनाई नाहीं. तिरप्या उन्हांत जागा न्याहाळावी, नकाशा काढावा, बांध, विहीर, पाणंद, देऊळ हीं कोठें आहेत तें टिपावें, वृद्धांची हकीकत उतरून घ्यावी, आणि ऐकलेलें निराळें व पाहिलेलें निराळें असें दोन रकान्यांत मांडावें. ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांनीं आपली साक्ष जमिनीजवळ ठेव म्हणून ठेविली आहे. ती नीट वाचून खरी सांगणें, हें ज्यांस लिहिता-वाचतां येतें त्यांचें कर्तव्य आहे.